परातीतली छावणी

चिंचोक्याची फोड टण्‌कन परातीच्या काठावर आपटली, तशी घरातली गप्प दुपार मोडली.

"पांढरी पडली," साखरू म्हणाली. "आता कोण जानार?"

"हा." गीताने ज्वारीचा एक दाणा खडूच्या एका घरातून पुढच्या घरात सरकवला. "टाक परत."

साखरूने फोडीवर फुंकर मारली, डोळे मिटले आणि टाकली. काळी पडली. म्हणजे त्या माणसाचं जागीच अडलं.

परात पितळेची, गीताच्या लग्नातली. तिच्यात खडूने चौकोन आखले होते. कडेने जळक्या काड्या कणकेत रोवून कुंपण केलं होतं आणि कुंपणात दोन फटी ठेवल्या होत्या, ती फाटकं. ज्वारी म्हणजे माणसं, हरभरे म्हणजे जनावरं. दाणा एकच वेगळा होता. रुक्मिणआज्जीची गाय तांबडी आहे, तिला हरभरा चालणार नाही, असा साखरूचा हट्ट. म्हणून तिथे शेंगदाणा होता. संध्याकाळी याच परातीत भाकरीचं पीठ मळायचं असे. त्यामुळे छावणी रोज मोडायची आणि दुसऱ्या दुपारी, भांडी घासून झाली की, पुन्हा मांडायची.

खरी छावणी गावाबाहेरच्या माळावर होती. लागोपाठ दुसऱ्या साली पावसाने तोंड फिरवलं, विहिरींचा तळ दिसला, तेव्हा गावच्या दूध संस्थेने तिथे चारा छावणी उघडली. वर उसाच्या पाचटाची सावली, खाली जनावरांच्या ओळी, आणि प्रत्येकाच्या दावणीपाशी त्याची बाज, त्याची चूल. माणसं जनावरांबरोबर राहायलाच आली होती. साखरूचा बाप, उत्तरेश्वर, कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. जवळच्या कड्याच्या कारखान्याकडे ऊसच नव्हता, म्हणून यंदा तो लांबच्या कारखान्याला लागला होता. घरात मायलेकी दोघीच.

मग दुसऱ्या एका तालुक्यातल्या छावणीत चुलीची ठिणगी पाचटात गेली. आगीत माणूस एकही गेलं नाही. जे गेलं ते फाटकात, चेंगरून. तेव्हापासून तहसीलच्या साहेबांनी प्रत्येक छावणीला बजावलं होतं की, आग लागली तर कोण कुठून बाहेर पडणार ते आधी कागदावर दाखवा, मग सगळ्यांना पळवून दाखवा, नाहीतर परवानगी रद्द. परवानगी रद्द म्हणजे जनावरं बाजारात. आणि त्या साली बाजारात सगळे विकायलाच उभे होते.

संस्थेचे चेअरमन मोहनराव यांनी ते काम गीताच्या पदरात टाकलं. ती संस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट काढायला असे, आणि लग्नाआधी तिने गणितात बी.एस्सी. केलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या गायीची किंमत काढायची असो की बैलाचं वय, गीताकडेच येत.

गीताला कॉलेजातलं एकच आठवत होतं. शेवटच्या वर्षाला एका सरांनी पडद्यावर एक हॉल दाखवला होता. हॉलमध्ये ठिपके. ठिपके घाबरले की दाराकडे धावायचे आणि दारात अडकायचे. जितकी घाई जास्त, तितकं अडकणं जास्त. वर्गातल्या पोरी हसल्या होत्या. गीताला मात्र पेरणीच्या चाड्यात, त्या लाकडी नरसाळ्यात, तोंडाशी तटलेली ज्वारी दिसली होती. मूठ मोकळी सोडली की चाडं तुंबतं, हे तिने बापाच्या पाभरीमागे चालताना पाहिलेलं होतं.

म्हणून तिने पहिल्यांदा परातीत ज्वारी ओतली, काड्यांचं कुंपण केलं, एक फट ठेवली आणि परात कलती केली. दाणे फटीपाशी आले आणि एकमेकांना धरून कमानीसारखे थांबले. दाबून कलती केली तर कमान आणखी घट्ट झाली. ती परात तशीच पदराखाली झाकून संस्थेत घेऊन गेली.

"मामा, दुसरं फाटक पाहिजे."

"एक फाटक हाय म्हून हजेरी लागती, सूनबाई," मोहनराव म्हणाले. "दोन केली तर एकाकडनं जनावरं आत येत्याल अन् एकाकडनं वैरण भायेर जाईल. मग साहेब मलाच दावणीला बांधंल."

पण त्यांनी परात हातात घेतली. कलती केली. दाणे अडले. त्यांनी काठावर टिचकी मारली, हलवली, पुन्हा कलती केली. बराच वेळ ते परातीशी खेळत बसले. मग म्हणाले, "लेकराच्या खेळण्यातनं माझ्याकडनं दार काढून घेतलंस की." दुसऱ्या दिवशी माळाच्या मावळतीकडे कुंपण फोडून दुसरं फाटक झालं.

इथवर सोपं होतं. पहिली तालीम घेतली आणि गीताची परात खोटी पडली. मोहनरावांनी शिट्टी वाजवली, पण फाटकात गर्दी झालीच नाही, कारण फाटकापर्यंत कुणी आलंच नाही. सगळे दावणीशी. कुणाची निरगाठ सुटेना, कुणी विळा शोधतंय. जे टँकरवर पाण्याला गेले होते त्यांची जनावरं बांधलेलीच होती, आणि शेजारची माणसं त्यांच्या नावाने हाका मारत उभी होती. सोडत मात्र कुणी नव्हतं. दुसऱ्याच्या दाव्याला त्याच्या माघारी हात लावायचा नाही, ही रीत. चोराचं काम ते. आणि उद्या जनावर आटलं किंवा आजारी पडलं तर, हात कुणी लावला होता, हे आधी निघतं.

"वैनी," छावणीतला तरणा सटवा तेव्हा म्हणाला होता, "आग बघून मी पळंन, पन शेजारनीची म्हस सोडून पळालो तर जलमभर बोलनी खावी लागत्याल. अन् सोडली तर त्येच्यापेक्षा जास्त."

परात कलती केली की सगळे दाणे एकाच बाजूला घरंगळतात. माणसं तशी घरंगळत नाहीत, हे गीताला त्या दिवशी कळलं. म्हणून मग हे खडूचे चौकोन आले. प्रत्येक दाण्याने आधी आपल्या जनावरापाशी जायचं, गाठ सोडायची, मग निघायचं. कधी हलायचं आणि कधी अडखळायचं ते चिंचोका सांगणार. पडद्यावरच्या ठिपक्यांना म्हशी नव्हत्या.

"आई, शेंगदाना हलतच न्हाई."

"हलंल. टाक."

शेंगदाणा हलायला लागोपाठ चारदा पांढरी पडावी लागे. गेल्या वेताला रुक्मिणीबाईंच्या तांबीची कंबर गेली होती. बसली की तिला आपणहून उठता येत नसे. रोज सकाळी सटवा आणि आणखी तिघं पोटाखाली लाकडाची लांब बल्ली घालून तिला उभी करत. मग ती चाले, हळूहळू, मागचा एक पाय फरफटत. ओळीच्या मधोमध तिची जागा होती, आणि दुपारच्या वेळी ती बसलेलीच असे.

परातीत तिच्यामागची सगळी ओळ अडून राहिली होती.

गीताने शेंगदाणा फाटकाजवळ ठेवून पाहिला. तिथे बसून राहिली तर फाटकच बंद. ओळीच्या पार टोकाला, कुंपणापाशी ठेवून पाहिला. बाकीचे दाणे भराभर बाहेर पडले.

"सगळे गेले," साखरू म्हणाली. "आज्जी अन् तिची गाय राह्यली."

"हां. मग तसं नाही करायचं."

ओळी सरकवून पाहिल्या. पाण्याची टाकी हलवून पाहिली. दुपार उतरत आली होती, संध्याकाळच्या दुधाची वेळ होत होती. गीताने शेंगदाणा उचलला आणि डाव्या तळहातावर ठेवला. नुसतं बघायला. मग ती आणि साखरू पुन्हा खेळल्या. ओळ वाहत्या पाटासारखी निघाली. एकही दाणा अडला नाही.

"जमलं," साखरू म्हणाली, आणि आईच्या तळहातावरचा शेंगदाणा उचलून तिने खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी गीता छावणीत गेली आणि तिने सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. मोहनराव मागे खुर्ची टाकून बसले.

"ऊसतोडीला गेल्यावर मुकादम काय मोजतो?" तिने विचारलं.

"कोयता," सगळे म्हणाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस मुकादम मोजतच नाही.

"मग हितं बी तसंच. शेजारी शेजारी मिळून एक कोयता. आजपासून शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं दावं सोडायचं, तो असो नसो. रीत मोडली असं कुणी म्हणायचं नाही. आणि निरगाठ कुणी मारायची नाही, सगळ्यांची सुरगाठ. एक हिसका की मोकळं."

जोड्या लागल्या. सटवाच्या वाट्याला चंद्रभागाबाई आल्या, त्याच्या आईच्या वयाच्या.

"मावशी, आता तुमी माजा अर्धा कोयता," सटवा म्हणाला.

"मुडद्या, तुजी आई अन् मी एकाच साली नांदायला आलो. कोयता न्हाई, इळा दावीन तुला."

"इळा सापडला तर दावाल. मागल्या तालमीला निम्मा दिवस त्योच हुडकीत हुता."

हसण्यात निम्मं काम झालं. रुक्मिणीबाई तांबीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसल्या होत्या, त्याही हसल्या. त्या एकट्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक सिरसाळ्याला दिलेली. गीता संस्थेत दूध मोजायला उभी राही, तेव्हा साखरू त्यांच्या दावणीपाशी असे. हे कुणी ठरवलं नव्हतं. एका सकाळी ती तिथे जाऊन बसली आणि रुक्मिणीबाईंनी तिला भाकरीचा तुकडा दिला, तेव्हापासून चालू होतं. गीता त्यांना आत्याबाई म्हणे.

भर उन्हात मोहनरावांनी शिट्टी वाजवली.

यावेळी छावणी सुटली. सुरगाठी सटासट निघाल्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं दावं ओढलं, धूळ उडाली, एक बाजू उगवतीच्या फाटकातून आणि दुसरी मावळतीच्या फाटकातून बाहेर पडायला लागली. मोहनराव खुर्चीवरून उठले. मधल्या ओळीत मात्र तांबी बसलेली होती. रुक्मिणीबाई तिला दोन्ही हातांनी शेपटीकडून ढकलत होत्या. सटवा बल्ली आणायला धावला. मागची म्हैस थांबली, तिच्या मागची तिच्यावर चढली, तिसरी उलटी फिरली. चंद्रभागाबाई मध्ये सापडल्या आणि खाली पडल्या. चौघांनी धावून जाऊन त्यांना ओढून काढलं. गुडघा सोलून निघाला होता. आग नव्हती, काही नव्हतं, नुसती शिट्टी होती.

"आगं काय झालं न्हाई," चंद्रभागाबाई म्हणत होत्या. "काय झालं न्हाई मला." पण त्यांना उठता येत नव्हतं.

रुक्मिणीबाई आपल्या दावणीकडे गेल्या. त्यांनी आपल्या माठातलं पाणी आणलं, चंद्रभागाबाईंचा गुडघा धुतला, आणि पदराचा काठ फाडून बांधला.

गर्दी पांगल्यावर साखरू त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. गीता जवळच वाकडी झालेली बल्ली उचलत होती.

"आज्जी," साखरू म्हणाली, "तुजी गाय काडली की सगळे जातेत. मी अन् आईनं काल खेळून बघितलं."

"साखरू," गीता म्हणाली.

"मग माजी गाय कुटं गेली?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"मी खाऊन टाकली."

रुक्मिणीबाई हसल्या. पोट धरून हसल्या. मग हसू सरलं आणि त्या तांबीकडे बघत राहिल्या. गीता बल्ली जागेवर ठेवायला निघून गेली.

संस्थेत मोहनराव पंख्याखाली बसले होते. पंखा बंद होता, लाईट नव्हती.

"मामा, छावणीबाहेर संस्थेच्या भिंतीला एक जागा करू. तांबी तिथे राहील. तिला बाहेरच्या बाहेर वैरण देऊ."

"कानातला सरकारी बिल्ला कुंपणातल्या जनावरालाच हाय. कुंपणाभायेर एक पेंडी टाकली तर सरकारी तपासनीच्या फोटोत येती, अन् मग सगळ्यांचीच वैरण बंद."

"मग ओळींमधली वाट रुंद करू."

"माळ कुठंय तेवढा? पलीकडं पार नालाच लागतो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सूनबाई, रुक्मिणबाईनं मला लहानपनी कडेवर घेतलंय. मला काय हौस न्हाई. पन आज चंद्रभागाबाईचा गुडगा गेला. खरंच पेटलं असतं तर? पाचट पेटल्यावर एक विडी वडून हुस्तोवर सगळी ओळ खाक हुती. तू खरं सांग. तुज्या परातीत ती गाय धरून वाट निघती का?"

गीता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"नाही निघत."

"काडली की?"

"काढली की निघते."

"उद्या साहेब येनार हाय," मोहनराव म्हणाले. "त्यांच्यापुढं आज झालं तसं झालं तर दुपारपत्तुर माळ मोकळा करा म्हनत्याल. तूच सांग तिला. तुजं लेकरू सांबाळती ती, तुजं ऐकंल."

संध्याकाळी गीताने फॅट काढली, पण दोनदा आकडा चुकला आणि बंकटने, दूध घालायला आलेल्याने, तो सुधारून दिला. सगळे कॅन गाडीत चढल्यावर ती छावणीत गेली. चुली पेटल्या होत्या. आज प्रत्येक चुलीपाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता, हे तिच्या लक्षात आलं. रुक्मिणीबाई तांबीच्या पुढ्यातलं उसाचं वाढं कापून बारीक करत होत्या. साखरू त्यांच्या बाजेवर झोपली होती.

"आत्याबाई, उद्या तांबी हितंच राहील," गीता म्हणाली. संस्थेतून निघताना ती वेगळंच ठरवून निघाली होती. "मी साहेबांना सांगते. एका बसक्या गायीसाठी छावणी बंद करतात का ते बघू."

"अन् केली तर?"

गीताने खाली पडलेलं वाढं गोळा करून तांबीपुढे सरकवलं.

"सटवाच्या दोन म्हशी गाभन हायेत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "चंद्रभागीचं सगळं घर त्या एका म्हशीवर हाय. त्यांला काय सांगू? माजी तांबी बसली हुती म्हून तुमचं गेलं?" त्यांनी विळा खाली ठेवला. "दाना तू उचललास, त्याचं वाईट वाटून घिऊ नगं. दुपारपास्नं मी बी मनात त्योच उचलून बघतीय. उचलला की जातंय, मला बी दिसतंय की."

"पण तिला खायला काय घालाल?"

"छपराचं गवत हाय. दोन सालाखाली शाकारलं हुतं, आतलं अजून बरं निगंल. ते वडीन थोडं थोडं."

"आणि तुम्ही? ऊन..."

"मला कसलं ऊन लागतंय आता." त्यांनी साखरूच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "हिला घिऊन जा. दव पडंल."

सकाळी गीता शिट्टी गळ्यात अडकवून छावणीत आली. शिट्टी मोहनरावांनी आज तिच्याकडे दिली होती. साखरू बोट धरून बरोबर. साहेबांची जीप अजून आली नव्हती. सटवा आणि तिघांनी तांबीला नेहमीप्रमाणे बल्लीवर उठवून उभी केली होती, पण बल्ली ठेवून कुणी गेलं नव्हतं. चौघंही तिथेच उभे होते.

रुक्मिणीबाईंनी बाज उभी करून सटवाच्या दावणीला टेकवली. "तू वापर," म्हणाल्या. चुलीचे तीन दगड तिथेच राहू दिले. तांबीच्या कानातला बिल्ला काढायचा की नाही, हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला. मग त्यांनी सुरगाठ ओढली. ती एका हिसक्यात सुटली.

मावळतीचं फाटक जवळ होतं. तांबी एक पाय ओढत चालली होती, तिचा माग धुळीत रेघेसारखा उठत होता. दोन्ही बाजूंनी माणसांनी आपापली जनावरं मागे रेटून वाट दिली. चंद्रभागाबाई लंगडत पुढे आल्या आणि वाढ्याची एक पेंडी त्यांनी रुक्मिणीबाईंच्या डोक्यावर ठेवली. फाटकापाशी मोहनराव होते. त्यांनी पेंडी पाहिली, आणि ते वळून कुंपणाची तार ताणून बघायला लागले.

रुक्मिणीबाईंनी फाटकात थांबून पेंडी उतरवली आणि कडेला नीट, वाटेत येणार नाही अशी, टेकवून ठेवली.

"छावनीचं छावनीत ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि दावं हातात गुंडाळून बाहेर पडल्या.

बाहेर माळ मोकळा होता. कुठे धूर नव्हता, कुणी पळत नव्हतं. म्हातारी पुढे, गाय मागे. गाय थांबली की म्हातारी थांबे, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राही, मग दोघी पुन्हा चालू लागत. रस्त्याच्या बाजूला जीपची धूळ दिसायला लागली होती. मोहनरावांनी गीताकडे बघून मान हलवली. गीताने शिट्टी ओठांपर्यंत नेली.

साखरूने तिचा पदर ओढला.

"आई, आग तर लागलीच न्हाई. मग आज्जी कावून भायेर चालली?"